वाळूबाईची पाठ

आखाजी जवळ आली की जळगावातल्या चौकाचौकांत सराफांचे फलक चढतात. फलकावरची नवरी गळाभर दागिने घालून हसत असते आणि खाली 'अक्षय तृतीयेच्या शुभेच्छा' लिहिलेलं असतं. माझं डोकं तिथूनच फिरायला लागतं. आमच्याकडे ही तिथी सोनं घ्यायची कधीच नव्हती. आखाजी हा लेकींचा सण. वैशाखाच्या त्या भाजणाऱ्या उन्हात भावाने बहिणीच्या सासरी जायचं, तिला माहेरी आणायची, निंबाला झोका बांधायचा, आमरस करायचा, खापरावर पुरणाचे मांडे टाकायचे आणि चार दिवस तिला कामाला हात लावू द्यायचा नाही. न्यायला जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेकीने दाराकडे बघत बसायचं. एवढाच सण, आणि त्यात पुरेसं सुख आणि पुरेसा छळ होता.

यंदा फलकांच्या जोडीला मोबाइलवर एक निमंत्रणही आलं. 'श्री वालुकेश्वरी माता देवस्थान, अक्षय तृतीया महोत्सव. सकाळी अभिषेक, दुपारी महाप्रसाद. माता-भगिनींनी मर्यादा व शिस्त पाळावी ही नम्र विनंती.' शेवटची ओळ वाचली आणि मोबाइल पलंगावर फेकला. राग त्या ओळीचा होताच, पण जास्त राग याचा की ती ओळ मीच लिहून दिलेली आहे. मी जन्मभर मराठी शिकवलं. 'मर्यादा' हा शब्द कुठे वापरला की समोरच्याला मान खाली घालावी लागते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

वालुकेश्वरी नावाची कुठलीही देवी माझ्या लहानपणी नव्हती. एरंडोलच्या पुढे फाट्यावर उतरून दोन कोस आत गेलं की आमचं गाव, आणि गावाच्या टोकाला नदीच्या काठावर वाळूबाई. कमरेएवढा उभा दगड, त्यावर शेंदराचा जाड थर, डोक्यावर एक निंब आणि पत्र्याचं छप्पर. ते छप्पर पुराने दोनदा नेलं, पण दगड हलला नाही. दगडाला डोळे बसवलेले होते आणि ते नदीकडे होते. गावाकडे तिची पाठ होती. नवखा माणूस विचारायचा, देवीची पाठ गावाकडे कशी? मग कुणीतरी बाई त्याला खाली बसवून गोष्ट सांगायची. पुरुष सांगत नसत.

गोष्ट अशी. आमच्याच गावातली एक पोर नदीच्या पलीकडच्या गावात दिली होती. तिचं नाव कुणाला आठवत नाही, तीही आपली रीतच आहे. आखाजी आली. पलीकडच्या गावात सगळ्या सुनांचे मुराळी येऊन गेले. हिचे भाऊ आले नाहीत. भावांपैकी वाईट कुणी नव्हता. एकाच्या घरी पाहुणे होते, एकाचा बैल लंगडत होता, एक म्हणाला उद्या जाऊ. दुपारपर्यंत वाट बघून पोर एकटीच निघाली. नदी आटलेली होती आणि पात्रातली वाळू तापली होती. पायांत काही नव्हतं. अर्ध्या पात्रात तिच्या तळव्यांची कातडी सोलली. ती कशीबशी या काठाला लागली. तिथून तिला आपल्या घराचं धाब्याचं छप्पर दिसत होतं. वाटेने एक मणियार बांगड्यांचं ओझं घेऊन चालला होता. त्याने आपल्या पखालीतलं पाणी तिच्या पायांवर ओतलं आणि गावाकडे तोंड करून हाक मारली, तुमची पोर आली आहे, या. भाऊ आमरस खात होते. हात धुऊन येतो म्हणाले. ते येईपर्यंत पोर उठली, गावाकडे पाठ करून बसली, आणि पुन्हा वळली नाही.

"भाऊ जेवी ऱ्हायंतात, तवलोंग बाई दगड व्हई गयी," असं म्हणून सांगणारी बाई पदराने घाम पुसायची. संपलं माहात्म्य. यात सिंह नाही, त्रिशूळ नाही, वध नाही. एक रागावलेली बाई आहे आणि उशिरा हात धुणारे भाऊ आहेत.

या रागातून आमच्या गावची रीत निघाली. तिला 'बोल' म्हणतात. आखाजीच्या दिवशी दुपारी, ऊन सर्वांत कडक असताना, माहेरी आलेल्या लेकी वाळूबाईच्या समोर, म्हणजे नदीच्या बाजूला, वाळूत उभ्या राहत. गावातले बाप आणि भाऊ देवीच्या पाठीमागे ओळीने बसत. मग एकेक लेक पुढे होऊन, देवीच्या डोळ्यांत बघून, माहेरच्यांना बोल लावायची, मोठ्याने आणि नाव घेऊन. "मना बापनी माले इहीरमा टाकी दिन्ही!" म्हणजे बापाने मला विहिरीत ढकललं. "मना भाऊ येस, चहा पेस, नि माले न दखता चालना जास!" शिव्याही असत, आणि त्या मला पुढे कुठल्याही कोशात सापडल्या नाहीत. मागे बसलेल्याने उलट बोलायचं नाही, उठायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. बोल आटोपले की पुरुषांनी तांब्याभर पाणी घेऊन पुढे जायचं आणि आपापल्या बहिणीच्या, लेकीच्या पायांवर ओतायचं. एरंडोलचे मणियारचाचा दरवर्षी येत. पहिली बांगडी देवीच्या दगडापाशी ठेवून मग ते लेकींच्या हातांत बांगड्या भरत. तो मान त्यांच्या घराण्याचा होता. तो कधीपासूनचा, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

आणखी एक नियम होता, आणि तोच आज माझ्या मानेवर बसला आहे. लावलेला बोल आपोआप विरत नसे. भाऊ सुधारला, त्याने कधी मन राखलं, तर बहिणीने पुढच्या एखाद्या आखाजीला त्याच जागी उभं राहून, दगडावर तळहात ठेवून म्हणायचं, बोल उतरला. तोवर भावाने दरवर्षी मागे बसायचं. मी धट्ट्याकट्ट्या माणसांना तो शब्द ऐकून टोपीआड रडताना पाहिलं आहे. आमच्या गल्लीतल्या हिलाल तात्यांची बहीण बोल न उतरवता वारली. तात्या त्यानंतरही दर आखाजीला येऊन मागे बसत. पुढे त्यांना बोलणारं कुणी उरलं नव्हतं. ते मरेपर्यंत बसले.

माझी धाकटी बहीण विमल. घरात सगळे इमल म्हणत. तिला पहूरला दिली. ज्या आखाजीबद्दल मी लिहितो आहे ती तिच्या लग्नानंतरची तिसरी. मी जळगावात शाळेत नुकता लागलो होतो आणि त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा बोर्डाचे पेपर तपासायला मिळाले होते. त्याचा मला कोण अभिमान! खोलीत पंखा नव्हता, गठ्ठ्यांवर दगड ठेवायचे, लाल शाईने बोटं रंगायची, आणि मी स्वतःला फार महत्त्वाचा माणूस समजायचो. विमलचा पहिला निरोप पहूरच्या एका दूधवाल्याने आणला. दुसरा पोस्टकार्डाने आला. तिसऱ्यांदा खाली किराणा दुकानात फोन आला, आणि दुकानदाराने वर येऊन सांगितलं की बहीण रडत होती. मी म्हणालो, पेपर आटोपले की जातो. सासरची भांडणं आपोआप मिटतात, असं माझं तेव्हा मत होतं. अविवाहित माणसाची अशी मतं फार पक्की असतात.

तिच्या सासूने तिला भरदुपारी दाराबाहेर काढलं. चपला आत राहिल्या. तिच्या कनवटीला एसटीच्या भाड्यापुरते पैसे होते, म्हणून ती फाट्यापर्यंत पोचली. फाट्यापासून गावापर्यंत दोन कोस डांबरी सडक, वैशाख, आणि अनवाणी पाय. वाटेत कुणी बैलगाडीवाला भेटला नाही. मी दुसऱ्या दिवशी, आखाजीच्या सकाळी, नवा सदरा घालून गावी पोचलो, तेव्हा ती ओसरीवर पाय पुढे पसरून बसली होती आणि माय तिच्या तळव्यांना कोरफड लावत होती. मी विचारलं, "कधी आलीस?" आजही हा प्रश्न आठवला की मला माझंच तोंड दाबावंसं वाटतं.

दुपारी मी देवीच्या पाठीमागे बसलो. मला वाटलं होतं, पायांमुळे ती येणार नाही. ती आली. दोन बायांच्या खांद्यांवर हात टाकून वाळूत उभी राहिली. तिचा आवाज मुळात बारीक, पण त्या दिवशी तो दगडाच्या अलीकडे स्पष्ट आला. "तीनदाव निरोप धाडा मी. मना भाऊ पेपर तपासी ऱ्हायंता. बठ्ठा गावना पोरे पास करात त्यानी, नि सख्खी बहीन नापास करी!"

मला लाज वाटायला हवी होती. मला संताप आला. चारचौघांत! मी शिक्षक माणूस! तांब्या घेऊन मी पुढे गेलो, पाणी ओतलं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि तळव्यांवरून निसटलेल्या कातडीखालचं लाल मांस मला दिसलं. तरीही माझ्या मनात तेव्हा काय होतं, तर हिने माझं नाव घालवलं. आठव्या दिवशी मीच तिला पहूरला परत पोचवलं. सासूने चहा दिला. मी तो प्यालो, वर बरा झाला आहे असंही म्हणालो.

त्यानंतर ती दर आखाजीला माहेरी आली. मीच आणायला जायचो, अगदी वेळेवर. आणि दरवर्षी ती तेच वाक्य बोलायची, शब्द न बदलता. माझं लग्न झालं, केस पिकले, मुख्याध्यापक झालो, आणि दर वैशाखात मी त्या दगडामागे बसून नापास होत राहिलो. गावातले बाकीचे भाऊ एकेक करून सुटत गेले. मी वेळेवर जायचो, साडी न्यायचो, तिच्या पोरांना वह्या-पुस्तकं द्यायचो. तिने यातल्या कशाच्याच बदल्यात बोल उतरवला नाही. एकदा मी परतीच्या एसटीत विचारलंसुद्धा, अजून किती वर्षं? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुले बलावं का तू येस, भाऊ. बलावं का कोनीबी येस."

मग कमिटी आली. गावातल्या चार पैसेवाल्यांनी ठरवलं की देवस्थानाचा विकास करायचा. अध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते जळगावला माझ्या घरी आले, सोफ्यावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "सर, देवस्थानले दर्जा मिळाले जोयजे. कागदवर इतिहास लागस. तुम्ही लिखा." मी बोलांबद्दल विचारलं. आबा जरा पुढे सरकले. "बाहेरना भाविक येतीन. त्यास्ना देखता आपल्या बाया बापभाऊस्ले शिव्या देतीन, बरं दिसी का?"

मी म्हणायला हवं होतं की बरं दिसण्यासाठी ती तिथे बसलेलीच नाही. मी म्हणालो, "नाही, बरं दिसणार नाही."

दोन दिवसांत मी इतिहास लिहून दिला. माझी मराठी चांगली आहे, हे मी वर सांगितलंच. पूर्वी या परिसरात तप्तासुर नावाचा राक्षस माजला होता. तो आपल्या श्वासाने नदी आटवी आणि वाळू तापवून स्त्रियांचे पाय पोळी. भक्तांच्या हाकेला धावून देवी प्रकटली, तिने नदीच्या पात्रात त्याचा वध केला आणि गावाच्या रक्षणासाठी ती काठावर स्थिर झाली. एका तपस्व्याने आपल्या कमंडलूतील जलाने तिचे चरण धुतले. म्हणजे मणियाराला मी साधू केलं आणि भावांना राक्षस. भावांची घरं, पाहुणे, बैल, आमरस, सगळं एका तप्तासुराच्या पोटात घालून टाकलं. लिहिताना हात जराही अडखळला नाही. उलट आपण काहीतरी साफ करतो आहोत असं वाटत होतं. देवीने भक्तांकडे पाठ करणं शास्त्राला धरून नाही, हेही मीच सुचवलं. कुठलं शास्त्र, हे मला कुणी विचारलं नाही.

तीन वर्षांत देऊळ उभं राहिलं. राजस्थानहून संगमरवरी मूर्ती आली, आठ हातांची, गोरीपान, आणि तिचं तोंड गावाकडे. पुढे सभामंडप, रांगेसाठी लोखंडी कठडे, फरशी. निंब आड येत होता म्हणून तोडला. जुना दगड चौथऱ्याच्या भरावात गेला, म्हणजे तो आहे, पण कुणाला दिसत नाही. नदीच्या बाजूला, जिथे लेकी उभ्या राहत, तिथे आता देवळाची मागची भिंत आहे आणि भिंतीवर संगमरवरात माझा इतिहास. मणियारचाचा गेले. त्यांचा मुलगा पहिल्या वर्षी बांगडी घेऊन आला होता. दारातल्या स्वयंसेवकाने त्याला प्रसाद दिला आणि दुकान रस्त्यापलीकडे लावायला सांगितलं. तो पुन्हा आला नाही. मला हे सगळं कळत होतं आणि मी उद्घाटनाला शालही घेतली.

देवळाचं काम निघालं तेव्हापासून विमल गावी आली नव्हती. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता आणि त्याचं सगळं तीच करत होती. गेल्या पावसाळ्यात तो वारला. मला कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून. तिने निरोप धाडला नव्हता. मी तसाच उठलो, एसटीने पहूरला गेलो. पोरं कामासाठी बाहेर, घरात ती एकटी. मी पंधरा दिवस राहिलो. चूल पेटवली, पाणी भरलं, तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "औंदा न बलावता उना तू." यंदा न बोलावता आलास, एवढंच.

यंदा निमंत्रण आलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "भाऊ, आखाजीले गावले जाऊत. माले वाळूबाईपुढे उभं ऱ्हानं शे. तू मांगे बस." तिच्या आवाजात काहीतरी हलकं होतं. मला तिथेच सांगता आलं असतं की इमल, तिथे आता पुढे नाही आणि मागेही नाही. मी "बरं" म्हणालो. एवढ्या वर्षांत माझ्या भित्रेपणात काहीच फरक पडलेला नाही.

आखाजीच्या दुपारी आम्ही पोचलो. मंडपात पंखे होते, ध्वनिक्षेपकावर आरती होती, बाहेरगावच्या गाड्या होत्या. विमल कठड्याच्या रांगेतून पुढे गेली, मूर्तीसमोर उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं. "हाई कोन?" तिने मला विचारलं. मी म्हणालो, हीच. तिने मान हलवली, बाहेर पडली आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूला गेली. मी एका नळावर तांब्या भरला आणि तिच्या मागे गेलो. का भरला, माहीत नाही. हाताला सवय होती.

मागे कुणीच नव्हतं. फरशी तापलेली, नदी तीच, आटलेली. विमल भिंतीसमोर उभी राहिली आणि बोट ठेवून वाचायला लागली. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, आणि ते मीच तिच्याकडून गिरवून घेतलं होतं. एकेक शब्द जोडत तिने पूर्ण इतिहास वाचला. खाली लेखक म्हणून माझं नाव आहे, तेही वाचलं. मग तिने बोट पुन्हा वर नेलं आणि 'तप्तासुर' या शब्दावर ठेवलं.

"हाऊ राक्षस कोन शे, भाऊ?"

पाठीमागे बसणाऱ्याने उलट बोलायचं नसतं, पण मी आता पाठीमागेही नव्हतो.

"मी औंदा तुन्हा बोल उतारी देनार व्हतू," ती म्हणाली. तिने तळहात भिंतीवर ठेवून पाहिला. ऊन इतकं होतं की लगेच काढून घेतला. "आते कोनापुढे उतारू? हिनी तं मना बोल आयकाच नही."

मी म्हणालो, इमल, तू नुसती म्हण. दगड खालीच आहे, चौथऱ्यात. तिला ऐकू जाईल. मी हे खरोखर म्हणालो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, शाल मिळालेला, बहिणीपुढे गयावया करत होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाची मला सवय आहे.

"तठे उभं ऱ्हाईसन बोलेल व्हतू, तठेच उतरस तो," ती म्हणाली. "तुलेबी माहीत शे." मग पदराने तोंड पुसलं. "चाल. एसटी चुकी जाई."

ती फरशीवरून चटचट पावलं टाकत सावलीकडे निघाली. चपला मंडपाच्या दारात काढलेल्या होत्या, पलीकडच्या बाजूला. मी तांब्या घेऊन तिच्या मागे दोन पावलं गेलो, पण पाय पुढे करायला ती थांबली नाही.

मी परत भिंतीपाशी आलो आणि ते पाणी तप्तासुराच्या नावावर ओतलं. क्षणभर संगमरवर ओला दिसला, मग वाळला. अक्षरं तशीच होती. खोल कोरा, असं कारागिराला मीच सांगितलं होतं.